एक घर, दोन स्मरणे : माडगूळकरबंधूंच्या आत्मपर लेखनातील दारिद्र्य आणि भीड

1973 साली यवतमाळ येथे भरलेल्या एकोणपन्नासाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद गजानन दिगंबर माडगूळकर यांनी भूषविले. पुढे दहा वर्षांनी, 1983 मध्ये, अंबाजोगाईच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांच्याकडे गेले. एका संस्थानी कारकुनाच्या घरातील दोन मुलगे, ज्यांचे औपचारिक शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाही, ते एकापाठोपाठ एक या पदावर बसले ही घटना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. अशा प्रसंगी सत्काराच्या भाषणांत एक वाक्य हमखास येते : गरिबीतून वर आलेले लेखक. यवतमाळला 2019 मध्ये पुन्हा संमेलन भरले तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांत पूर्वीच्या अध्यक्षांची चर्चा झाली, आणि तीतही हेच वाक्य अनेकदा ऐकू आले. प्रस्तुत लेखाचा हेतू हे वाक्य तपासण्याचा आहे. गरिबी ही जणू एक पायरी, आणि तिच्यावर पाय देऊन लेखक वर चढला, अशी कल्पना या वाक्यात गृहीत धरलेली असते. दोघा भावांनी आपल्या बालपणाकडे मागे वळून जे लिहिले, त्यातून ही कल्पना कितपत सिद्ध होते, हे पाहावयाचे आहे.

प्रथम काही निश्चित गोष्टींची नोंद करू. गजानन यांचा जन्म 1 ऑक्टोबर 1919 रोजी शेटफळे येथे झाला. व्यंकटेश यांचा 1927 साली माडगूळे येथे. ही दोन्ही गावे माणदेशात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात आहेत. त्या काळी आटपाडीचा महाल औंध संस्थानात मोडत असे. वडील दिगंबर हे त्याच संस्थानाच्या चाकरीत होते, आई बनूताई. पर्जन्यछायेतील मुलूख, बेभरवशाची शेती, बेताचा पगार, वाढता परिवार, अशी ही घरची स्थिती. 1948 साली औंध संस्थान विलीन झाले तेव्हा थोरला भाऊ चित्रपटसृष्टीत नावारूपाला आला होता, आणि धाकट्याचे ‘माणदेशी माणसं’ हे पहिले महत्त्वाचे पुस्तक एका वर्षाने, 1949 मध्ये, प्रसिद्ध व्हावयाचे होते. दोघांत आठ वर्षांचे अंतर आहे. हे अंतर पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरणार आहे.

या घरचे दारिद्र्य कोणत्या जातीचे होते, हा प्रश्न येथेच विचारावयास हवा. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याचे दारिद्र्य वेगळे, आणि ज्याला पुरेसे नसूनही पुरेसे असल्यासारखे दिसावे लागते त्याचे वेगळे. संस्थानचा कारकून गावात ‘रावसाहेब’ असतो. त्याच्या घरी आल्यागेल्याला पाट मांडावा लागतो. त्याची मुले अनवाणी शाळेत गेली तरी त्यांच्या तोंडी श्लोक शुद्ध असावे लागतात. अशा घरात पैशाच्या अभावाइतकेच मोठे काम असते ते अभाव झाकण्याचे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण अशाच घरांची आहे. मूठ झाकण्याचे हे काम घरातील मोठी माणसे जाणूनबुजून करतात. मुले ते न सांगता शिकतात. शेजारी काही दिले तर घ्यावे की घेऊ नये, कोणाकडे काय मागावे, कोणासमोर काय बोलू नये, याचे शिक्षण त्यांना फार लवकर मिळते. या शिक्षणातून जो स्वभाव घडतो, त्याला आपण बुजरेपणा म्हणतो.

येथे शब्दांचा थोडा विचार आवश्यक आहे. मराठीत या स्वभावासाठी बुजरा, भिडस्त, लाजाळू, मुखदुर्बळ असे अनेक शब्द आहेत, आणि ते परस्परांचे पर्याय नव्हेत. बुजणे ही मूळची जनावराची क्रिया. बैल नवख्या वस्तूला बुजतो, म्हणजे थबकतो, अंग चोरतो. परंतु त्याचे कान आणि डोळे त्या वेळी विलक्षण जागे असतात. भिडस्ताची गोष्ट निराळी. भीड पडते ती दुसऱ्याची. समोरच्याचे मन मोडवत नाही म्हणून तो आपले मन दाबतो. बुजरा माणूस जगाकडे पाहत राहतो, भिडस्त माणूस जगाचे ऐकत राहतो. मुखदुर्बळाला सांगावयाचे असते, पण शब्द फुटत नाहीत. माझे प्रतिपादन असे की, या दोघा भावांच्या स्मरणलेखनातील भेद हा प्रतिभेच्या लहानमोठेपणाचा नाही. एकाच घरातून मिळालेल्या या स्वभावाचे दोघांनी काय केले, याचा तो भेद आहे.

थोरल्या भावाचे आत्मपर गद्य मुख्यतः ‘मंतरलेले दिवस’ आणि ‘वाटेवरल्या सावल्या’ या पुस्तकांत आहे. पहिल्या पुस्तकाचे नावच त्याची दृष्टी सांगून टाकते. गेलेले दिवस मंतरलेले आहेत. त्यांच्यावर कोणीतरी मंत्र टाकलेला आहे. तो मंत्र अर्थातच स्मरण करणाऱ्या प्रौढ कवीचा आहे. या लेखनात उणीव येते ती गंधासारखी, गोष्टीच्या ओघात. ती ठसठसत नाही. ग. दि. माडगूळकरांचे गद्य श्रोता समोर धरून चालते. त्यामागे कीर्तनाची आणि कथेकऱ्याची परंपरा आहे. कीर्तनकार दारिद्र्य सांगतो, सुदाम्याचे पोहे सांगतो, पण सभेला रडवून झाल्यावर तो तिला हसवितो आणि अखेर अभंगाच्या गजरात घरी पाठवितो. त्याच्या कथनात दुःखाला आरंभ, मध्य आणि शेवट असतो. ज्या मुलाच्या घरी मूठ झाकलेली होती त्याने मोठेपणी ती सभेत उघडली, पण उघडताना तीत बुक्का भरून ठेवला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या वृत्तीचे उत्तम उदाहरण म्हणजे औंधच्या अधिपतींवरचे लेखन. भवानराव पंतप्रतिनिधी हे विलक्षण गृहस्थ होते. सूर्यनमस्काराचे ते प्रचारक, स्वतः चित्रकार, 1916 साली त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले, 1939 मध्ये त्यांनी आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली, त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंदिवानांची मुक्त वसाहत सुरू झाली. ‘मंतरलेले दिवस’मधील ‘औंधाचा राजा’ या लेखात हा राजा एका विद्यार्थ्याच्या नजरेतून, आणि त्या विद्यार्थ्याच्या कृतज्ञतेतून, उभा राहतो. गरीब कारकुनाच्या मुलाला राजा दिसतो, आणि राजाला तो मुलगा दिसतो; लेखाचा आनंद या परस्पर दिसण्यात आहे. पुढे ‘गीतरामायण’ (1955-56) लिहिणाऱ्या आणि स्वतंत्रपूरच्या प्रयोगावर ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) या चित्रपटाची कथा रचणाऱ्या कवीने बालपणीचे ते संस्थान आयुष्यभर भांडवलासारखे वापरले, हे उघड आहे. त्याच्या लेखी बालपण ही मिळकत आहे. पैशाच्या रूपाने जे मिळाले नाही ते कथा, श्लोक, ओव्या आणि माणसे यांच्या रूपाने मिळाले, असा हा हिशेब आहे, आणि तो तो हसतमुखाने मांडतो.

या लेखनाचा गुण मान्य करूनही त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. मंत्र सर्व वस्तूंना सारखाच उजाळा देतो. उपासाचा दिवस आणि उत्सवाचा दिवस दोन्ही सारखेच झळाळू लागले, म्हणजे उपासाचा दिवस कसा होता हे वाचकाला कळेनासे होते. लेखकाने बुजरेपणावर मात केली ती बोलका होऊन. परंतु बोलक्या माणसाच्या आठवणीत न बोललेल्या क्षणांना जागा कमी उरते.

आता धाकट्या भावाकडे वळू. ‘माणदेशी माणसं’ या पुस्तकात निवेदक जवळजवळ सर्वत्र हजर आहे, आणि तरीही त्याचे दारिद्र्य आपल्याला फारसे दिसत नाही. दिसते ते इतरांचे. ‘धर्मा रामोशी’ हे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. वस्त्राअभावी लाजेने अंग चोरणारा म्हातारा रामोशी. निवेदकाने त्याला दिलेले धोतर. आणि ते धोतर अखेर त्याच्या मुलीच्या अंगी लागते, ही कथेची कणा असलेली घटना. या कथेची स्तुती करणारे बहुधा करुणेचा उल्लेख करतात. परंतु कथेत करुणेहून सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे देणाऱ्याची लाज. निवेदक दाता म्हणून कोठेही सुखावत नाही. आपण दिलेले पुरे पडले नाही, आणि पुरे पडणारे देणे आपल्या हाती नाही, हे त्याला कळते. आणि ते कळल्यावर तो गप्प बसतो. ज्याने स्वतः कधी वस्त्राची उणीव झाकली असेल त्यालाच दुसऱ्याची अशी झाकाझाक इतक्या हलक्या हाताने उचलता येईल, असे अनुमान येथे करावेसे वाटते. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण कथेच्या संयमाला दुसरे समाधानकारक कारण सापडत नाही.

‘बनगरवाडी’ (1955) मध्ये हा बुजरा निवेदक कादंबरीचा केंद्रबिंदू होतो. व्यंकटेश माडगूळकरांनी काही काळ प्राथमिक शिक्षकाचे काम केले होते. कादंबरीतील राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण मास्तरही आई-वडिलांच्या सावलीतून प्रथमच बाहेर पडून धनगरांच्या वस्तीवर येतो. तो वयाने कोवळा, अनुभवाने कोरा. कारभाऱ्याच्या समोर त्याची भंबेरी उडते. लोकांची कामे तो निमूटपणे करीत राहतो, कारण नाही म्हणण्याचे धाडस त्याच्यापाशी नाही. अंजीच्या चोळीचे प्रकरण याच भिडस्तपणातून उद्भवते आणि कारभाऱ्याचे मन दुखावण्यापर्यंत जाते. तथापि हाच भिडस्तपणा त्याला गावात प्रवेश मिळवून देतो. जो फार बोलत नाही त्याच्याशी लोक बोलतात. आयबू, आनंदा रामोशी, दादू बालट्या, स्वतः कारभारी ही सारी माणसे त्याच्यापाशी आपापले मन मोकळे करतात. आणि कादंबरी लिहिली जाते ती या ऐकून घेण्यातून.

याच कादंबरीत तालमीच्या उद्घाटनासाठी संस्थानचे राजेसाहेब वाडीत येतात. थोरल्या भावाच्या लेखातील राजा आणि धाकट्याच्या कादंबरीतील राजा यांची तुलना विद्यार्थ्यांनी अवश्य करावी. थोरल्याच्या चित्रात राजा आणि मुलगा समोरासमोर आहेत. धाकट्याच्या चित्रात राजा आणि वाडी समोरासमोर आहेत. तालमीसाठी सर्वाधिक खटपट केलेला मास्तर त्या दोहोंच्या मधून हळूच बाजूला झालेला आहे. एकाला राजाने पाहिले याचा आनंद. दुसऱ्याला राजाने वाडीला पाहिले याचा आनंद. आणि लगोलग दुष्काळ येतो, मेंढरे मरतात, माणसे जगावयास बाहेर पडतात, वाडी ओस होते. येथे मंत्र नाही. राजाची भेट दुष्काळाला अडवू शकत नाही, हे लेखक न बोलता सांगतो.

स्वतःच्या घराविषयी सविस्तर लिहावयास मात्र व्यंकटेश माडगूळकरांना फार काळ लागला. ‘करुणाष्टक’ ही त्यांची आत्मपर कादंबरी 1982 साली प्रसिद्ध झाली. पहिले महत्त्वाचे पुस्तक प्रसिद्ध होऊन तेव्हा तेहतीस वर्षे लोटली होती. थोरले बंधू 14 डिसेंबर 1977 रोजी निवर्तले होते, हाही कालक्रम ध्यानात घ्यावा. त्या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह आवरला पाहिजे. परंतु कुटुंबातील कथेकरी गेल्यानंतर कुटुंबातील मुका साक्षीदार बोलू लागावा, हे भावंडांच्या स्मरणलेखनात अस्वाभाविक नाही. या कादंबरीच्या केंद्रस्थानी आई आहे. नाव समर्थांच्या करुणाष्टकांची आठवण देते. पण करुणाष्टकात भक्त देवाची करुणा भाकतो, येथे कोणी कोणाची करुणा भाकीत नाही. आई संसार रेटते, मुले वाढतात, पैसा अपुरा पडतो, आणि हे सर्व दैनंदिन व्यवहारासारखे सांगितले जाते. वाक्ये लहान आहेत. विशेषणे मोजकी आहेत. निवेदक आईच्या कष्टांचे मोल मोठ्या शब्दांत ठरवीत नाही. अपुऱ्या पगारात घर चालविणाऱ्या बाईचा हिशेब जसा काटेकोर असतो तसा हा गद्याचा हिशेब आहे.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (1935) शी तुलना केल्यास या संयमाचे वेगळेपण स्पष्ट होते. तेथे मुलगा आश्रमीय मित्रांना रात्रीमागून रात्री आईची कथा सांगतो. प्रत्येक रात्रीला एक संस्कार लाभतो. दारिद्र्य हे शीलाची शाळा होते. ग. दि. माडगूळकरांचे स्मरण या परंपरेच्या जवळचे आहे, जरी त्यात उपदेशापेक्षा रंजकता अधिक असली तरी. व्यंकटेश माडगूळकर दारिद्र्याला शाळा मानीत नाहीत. त्यातून कोणी शहाणे झाले असेल तर तो त्याचा गुण, दारिद्र्याचा नव्हे. सत्काराच्या भाषणातील पायरीची कल्पना येथे पूर्णपणे निकालात निघते.

हा भेद कशामुळे? आठ वर्षांचे अंतर हे एक कारण संभवते. मोठ्या मुलाला घराच्या ओढगस्तीचा अर्थ कळतो तेव्हा तो बाहेर पडून मिळवू लागण्याच्या वयात आलेला असतो. त्याच्या दृष्टीने बालपण संपते ते कृतीत. गजाननराव मॅट्रिकच्या अपयशानंतर चित्रपटसृष्टीत गेले, आचार्य अत्रे आणि वि. स. खांडेकर यांच्या सहवासात आले, मिळवते झाले. धाकटा भाऊ त्या वेळी घरी आहे. त्याला उणीव दिसते आणि ती दूर करण्याचे साधन हाती नसते. त्याचे बालपण संपते ते पाहण्यात. मिळवत्या भावाची आठवण विजयाच्या बाजूने लिहिली जाते, वाट पाहणाऱ्या भावाची आठवण वाटेच्या बाजूने. एकाच घरातील दोन मुले एकाच बालपणात वाढत नाहीत, हे मानसशास्त्राने सांगण्यापूर्वी प्रत्येक आईला ठाऊक असते. चरित्रकार मात्र ते वारंवार विसरतात. थोरल्याच्या लेखातील प्रसंग धाकट्याच्या आयुष्याला जोडणे, धाकट्याच्या कादंबरीतील उणीव थोरल्याच्या चरित्रात घालणे, आणि दोहोंची मिळून ‘माडगूळकरांचे बालपण’ अशी एक खिचडी करणे, ही पद्धत संशोधनात त्याज्य मानली पाहिजे. दोन साक्षी जेथे जुळत नाहीत तेथेच वाङ्मयीन अभ्यासाला खरा विषय मिळतो.

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. हे दारिद्र्य कितीही खरे असले तरी ते अक्षरओळख असलेल्या, पोथीपुराण असलेल्या, गावात मान असलेल्या घरचे आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (1978), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980) ही आत्मकथने प्रसिद्ध झाल्यानंतर मराठी वाचकाला भूक या शब्दाचा वेगळा अर्थ कळला. तेथे झाकण्यासारखी मूठच नाही. गावाने ती आधीच उघडून टाकलेली आहे. मौन ही ज्यांना परवडते त्यांचीच संपत्ती होय, असे कोणी म्हटल्यास ते खोडून काढता येणार नाही. नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ (1993) या पुस्तकाच्या नावातील अनेकवचन येथे मुद्दाम लक्षात आणून द्यावेसे वाटते. त्या घरात बापाची कथा ही सर्व भावंडांची जाहीर ठेव आहे. ती सांगण्यात भीड नाही, कारण ती सांगणे हाच प्रतिष्ठेचा दावा आहे. माडगूळकरांच्या घरात प्रतिष्ठा न सांगण्यात होती. जाधवांच्या घरात ती सांगण्यात आहे. हा भेद स्वभावाचा नाही, समाजरचनेचा आहे.

हा आक्षेप मान्य केल्याने व्यंकटेश माडगूळकरांचे लेखन लहान होते काय? मला तसे वाटत नाही. स्वतःच्या घराविषयी जो संयम त्यांनी पाळला तोच त्यांना रामोशी, धनगर, मुलाणी यांच्या दारापर्यंत घेऊन गेला, आणि त्या दाराशी त्यांनी आपले दुःख पुढे केले नाही. 1948 साली गांधीहत्येनंतर झालेल्या जाळपोळीवरील ‘वावटळ’ (1964) या कादंबरीतही, जेथे आपल्याच वर्गाची हानी हा विषय होता, आक्रोशाचा मोह त्यांनी टाळला. तथापि मर्यादा ही की, या माणसांना आपण पाहतो ते एका सभ्य, संकोची पाहुण्याच्या नजरेने. धर्मा रामोशी स्वतः बोलता तर धोतराविषयी काय बोलला असता, हा प्रश्न ‘माणदेशी माणसं’च्या कक्षेबाहेर राहतो. त्याचे उत्तर द्यावयास पुढची पिढी यावी लागली.

शेवटी आमच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. पदव्युत्तर वर्गात मारेगाव, झरी जामणी, केळापूर, आर्णी या भागांतून येणारी अनेक मुले-मुली स्वतःच्या बालपणाविषयी लिहावयास सांगितले असता दोनच प्रकारे लिहितात : एक तर सारे गोड करून, नाहीतर एका वाक्यात सारे आटोपून. दोहोंच्या मुळाशी भीड आहे. या दोन्ही मार्गांना मराठीत थोर पूर्वसूरी आहेत, हे माडगूळकरबंधूंच्या अभ्यासातून त्यांना कळेल. त्याहून उपयुक्त असे एक कामही त्यांना करता येईल. आपल्या थोरल्या किंवा धाकट्या भावंडाजवळ बसून एकच प्रसंग, उदाहरणार्थ फी भरावयाचा दिवस किंवा पोळ्याचा सण, दोघांनी स्वतंत्रपणे लिहून काढावा आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. कोणी काय गाळले, कोणी कोणाच्या देखत काय सांगितले नाही, हे तेथे दिसेल. ती गाळलेली जागा भरून काढू नये. तिची नोंद करावी. स्मरणलेखनाच्या संशोधनाचा आरंभ त्या जागेपासून होतो.